माझ्या बरणीवर इशारा नव्हता

पताशा, म्हणजे पाणीपुरीची पुरी, तोंडात जाईना, तेव्हा मी पताशेवाल्याशीच भांडले. २०२१ च्या दिवाळीआधीची गोष्ट. लेक पुण्याहून आली होती. करोनाच्या दिवसांत घरात कोंडून घेतल्यावर तिला इंदूरचा रात्रीचा सराफा, तो खाण्याच्या गाड्यांचा बाजार, बघायचा होता. भुट्ट्याचा कीस खाल्ला, गराडू अजून सुरू व्हायचे होते, म्हणून मग पानीपताशे. मी आ केला आणि पताशा ओठांवरच फुटून सगळं पाणी साडीवर. "भैया, आजकल इतने बड़े क्यों बना रहे हो?" तो म्हणाला, "दीदी, पताशा तो वही है." लेक हसली, मीही हसले. त्याचं ते वाक्य मला पुढे सहा महिन्यांनी आठवलं, ऑपरेशनला नेताना, स्ट्रेचरवर.

माझं तोंड लहान होत चाललं होतं. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं. मला कळलं नाही, कारण कळण्यासारखं दुखत काही नव्हतं. तिखट झोंबायचं. इंदुरात राहून पोह्यांवर जिरावण मसाला नको म्हणणारी बाई म्हणून घरात माझी चेष्टा व्हायची. मी म्हणायची, वय झालं.

आता सुपारीबद्दल सांगते. आमच्याकडे जेवणानंतर सुपारी लागायचीच. सासूबाईंचा मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तो माझ्या हाती आला आणि मी त्यांच्याहून बारीक कातरायला शिकले. सियागंजातून रोठा सुपारी आणायची, भिजवून कातरायची, तुपावर मंद भाजायची, मग त्यात लवंग, वेलची, जायफळ, ज्येष्ठमध, किसलेलं खोबरं, जराशी केशराची काडी. दिवाळीत फराळाबरोबर मी बरण्या भरून वाटायची. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, देवासची नणंद, उज्जैनचे दीर. चाळीसेक बरण्या तरी होत असतील. 'काकूंची सुपारी' असं तिला नाव पडलं होतं. वीज मंडळाच्या हिशेब विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली, तिथेही माझ्या ड्रॉवरमध्ये एक बरणी कायम असे. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबापासून शिपायापर्यंत सगळे चिमूट मागायला यायचे.

गुटखा खाणाऱ्यांकडे बघून मी नाक मुरडायची. १ एप्रिल २०१२ ला मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आली, देशात पहिल्यांदा आपल्याच राज्यात, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पुढे दोनच आठवड्यांत पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी पानाच्या टपऱ्यांवर लटकू लागली. खाणारे दोन्ही हातावर घेऊन मिसळायचे. त्यातल्या एकाला मी म्हटलं, "अरे, हे सोड, माझी सुपारी खा. घरची आहे." त्याने ऐकलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

२०२२ च्या संक्रांतीला डाव्या गालाच्या आत, खालच्या शेवटच्या दाढेजवळ एक फोड आला. तोंड आलंय म्हणून सोडून दिलं. आपल्याकडे तोंड येतं आणि जातं; उष्णता वाढली, पोट साफ नाही, जागरण झालं, कारणं तयार असतात. हळद-तूप लावलं. बोरोग्लिसरीन लावलं. ब-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दोन पट्ट्या संपवल्या. शेजारच्या वहिनींनी जाईचा पाला चघळायला सांगितला, तोही चघळला. महिना झाला तरी फोड तिथेच.

मग दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, तंबाखू? मी म्हटलं, छे! त्यांनी कागदावर सवयीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, टोचणारी दाढ घासून गुळगुळीत केली आणि लावायला मलम दिलं. मी डॉक्टरांना फार दोष देत नाही. त्यांनी जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं होतं. सुपारी ही सवय आहे हे त्यांना विचारायचं सुचलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. पण त्यात आणखी महिना गेला.

दुसरी डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती, लेकीच्या वयाची. तिने आधी फोडाकडे बघितलंच नाही. म्हणाली, "आंटी, अपनी तीन उँगलियाँ खड़ी करके मुँह में डालिए." मी हसले. पण तीन बोटं उभी, एकावर एक, जाईनात. दोनच गेली, तीही घासत. तिने पट्टी लावून मोजलं, २४ मिलिमीटर. मग गालाच्या आत बोट फिरवलं आणि विचारलं, "सुपारी?" मी म्हटलं, "हाँ, पर घर की." ती म्हणाली, "सुपारी तो सुपारी है आंटी." रागावून नाही, हळूच म्हणाली.

तिने समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. सुपारीतली द्रव्यं गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली दोऱ्यासारखे तंतू वाढवत नेतात. सुपारीत तांबंही बरंच असतं, त्याने ते तंतू एकमेकांना घट्ट विणले जातात. मऊ गालाचं हळूहळू चामडं होतं. रंग पांढरट पडतो, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी सोडली तरी झालेले तंतू विरघळत नाहीत. आणि अशा तोंडात कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, नुसत्या सुपारीला, तंबाखू नसला तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. २००४ च्या दिवाळीत मी बहुधा पस्तीस बरण्या भरल्या असतील.

तुकडा काढून तपासायचं ठरलं तेव्हा घरात चर्चासत्र बसलं. "गाठीला सुरी लावली की पसरते" हे मला किमान पाच जणांनी सांगितलं, त्यात एक निवृत्त प्राध्यापक. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, पण तुकडा न काढता थांबल्याने जे व्हायचं ते होतं, हे मला त्या मुलीने दोनदा सांगितलं आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. कदाचित तिने तीन बोटं घालायला लावली म्हणून.

रिपोर्ट रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला मिळाला. दोन वर्षांनी गेर, रंगपंचमीची मिरवणूक, निघाली होती, राजवाड्याचा रस्ता रात्रीतून धुऊन काढलेला, कडेच्या भिंतींवर तेवढा गुलाबी रंग राहिलेला. हे रिपोर्ट घेऊन आले आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले, "स्क्वॅमस सेल..." आणि थांबले. हे पुढचा शब्द न वाचता उठून पाणी प्यायला गेले. मी कागद ओढून घेतला आणि वाचला.

संध्याकाळपर्यंत मोठे दीर-जाऊबाई आले. जाऊबाईंनी, मी त्यांना वहिनी म्हणते, मला जवळ घेतलं, रडल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस हं. दाढेचं ऑपरेशन आहे म्हण. घरात लग्नाची मुलगी आहे." त्या वाईट बाई नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझे कपडे धुतले आहेत. पण पुढचं वर्षभर मी दाढेचं ऑपरेशन झालेली बाई होते.

दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटा रुग्णालयात गेलो. इथे एक कामाचं सांगते: नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावा लागतो; तो नेला तर तिथे बहुतेक वेळा पुन्हा सुरी लावावी लागत नाही. अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालो, सकाळी मुंबई सेंट्रल. परळच्या त्या इमारतीबाहेर फुटपाथवर चादरी अंथरून बसलेली कुटुंबं बघितली आणि माझी स्वतःची कीव येणं तिथेच थांबलं. आमच्या शेजारी जळगावकडचा एक मुलगा होता, असेल बत्तीस-तेहतीसचा. त्याचं तोंड एका बोटाएवढं उघडायचं. बायको त्याला स्ट्रॉने ताक पाजत होती. त्याने मला खुणेने विचारलं, गुटखा? मी मान हलवली आणि बोटांनी अडकित्त्याची खूण केली. त्याला ती कळली. त्याच्याही आजीकडे असणार.

तिथल्या डॉक्टरांनी उपचाराचा तोच मार्ग सांगितला आणि इंदुरात करून घ्यायला हरकत नाही म्हणाले. मला एक शंका होती. मानेत गाठ लागत नव्हती, स्कॅनमध्येही काही ठळक नव्हतं, मग मान का चिरायची? त्याचं उत्तर याच रुग्णालयात झालेल्या एका अभ्यासात आहे, २०१५ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुरुवातीच्या अवस्थेतल्या पाचशे रुग्णांपैकी काहींच्या मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या आणि काहींच्या गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हे ऐकून हिशेब विभागातली बाई गप्प बसली. पुढे माझ्या मानेतून काढलेल्या बत्तीस ग्रंथींपैकी एकीत कॅन्सर निघाला.

ऑपरेशन १८ एप्रिलला झालं. नऊ तास. गालाच्या आतला भाग, त्याखालच्या जबड्याच्या हाडाची कड आणि तीन दाढा काढल्या. भोक बुजवायला डाव्या हाताच्या मनगटावरची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलली, ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवली. आणि हातावर मांडीची कातडी. म्हणजे आता माझ्या गालात माझा हात आहे. डावा हात, ज्याने मी तीसेक वर्षं सुपारी अडकित्त्यात धरली. सर्जन म्हणाले, पुरुषांच्या बाबतीत कधी कधी गालाच्या आत केस उगवतात. मला एवढंच एक हसू त्या आठवड्यात आलं, तेही गळ्याला भोक पाडलेलं असल्यामुळे आवाजाशिवाय.

अकरा दिवस नाकातल्या नळीने पातळ अन्न. पाटीवर लिहून बोलणं. ह्यांना माझं अक्षर लागत नाही हे लग्नानंतर पस्तीस वर्षांनी कळलं. मी 'उशी' लिहिलं की हे सुई कोणाला हवी आहे ते नर्सला विचारायला जायचे.

खरी कसोटी रेडिएशनची. ३० मे ते ८ जुलै, शनिवार-रविवार सोडून रोज, तीस बैठका, एकूण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा करतात आणि तो टेबलाला खिळवून टाकतात. किरणं दिसत नाहीत, लागत नाहीत, दहा मिनिटांत बाहेर. पहिले दोन आठवडे मला वाटलं, एवढंच? तिसऱ्या आठवड्यात चव गेली. वरणात मीठ आहे की नाही हे मी ह्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायची. चौथ्यात तोंडभर फोड, पाण्याचा घोट काचेसारखा. मीठ-सोड्याच्या पाण्याने दर दोन तासांनी चूळ, मुगाचं कढण, नाचणीची पेज, जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध. वजन ६१ वरून ५० वर आलं. मानेची कातडी तव्याच्या बुडासारखी काळी झाली. शेवटची बैठक शुक्रवारी आणि रविवारी आषाढी एकादशी. त्या वर्षी उपासाला मला वेगळं काही करावं लागलं नाही.

सुपारी सोडणं त्या सगळ्यात सोपं गेलं असेल असं लोकांना वाटतं. नाही गेलं. ऑपरेशनच्या आधीच्या तीन आठवड्यांत, रिपोर्ट हातात असताना, दुपारी जेवण झालं की माझा हात आपोआप फडताळाकडे जायचा. डोकं दुखायचं, जांभया यायच्या, चिडचिड व्हायची. एकदा ह्यांचा डोळा चुकवून मी दोन तुकडे तोंडात टाकलेसुद्धा. हे सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण तंबाखू नसला तरी सुपारीचं व्यसन लागतं हे मला तेव्हा कळलं. तोवर ते माझ्यासाठी फक्त मुखशुद्धी होतं.

बोलणं परत यायला वेळ लागला. प, फ, ब, भ, म म्हणताना डावा ओठ मिटायचा नाही, सगळ्या अक्षरांतून हवा सुटायची. फिजिओथेरपिस्टने आइस्क्रीमच्या काड्या दिल्या, त्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि आठवड्याला एक वाढवायची. सुरुवात आठ काड्यांनी झाली. आज सोळा आहेत. उच्चारांसाठी मी माझाच उपाय काढला, रोज सकाळी अथर्वशीर्ष मोठ्याने. रेडिएशनच्या आधी उरलेले दोन किडके दातही काढून टाकले होते, कारण किरणांनंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, तेव्हा दात काढणं धोक्याचं. तर दात गेलेले, तोंड डावीकडे ओढलेलं, आणि मी देवासमोर बसून त्या एकदंताला आणि वक्रतुंडाला हाका मारतेय. एक दिवस मला इतकं हसू आलं की हे आतून धावत आले, काय झालं म्हणून.

समोरच्या ताम्हनात गणपती म्हणून सुपारीच ठेवलेली होती.

दाढेच्या ऑपरेशनची गोष्ट २०२३ च्या फेब्रुवारीत संपली. लेकीला बघायला मंडळी आली होती. मुलाच्या आईने माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघत गोडीने विचारलं, "दाढेचं ऑपरेशन एवढं मोठं असतं?" मी तोंड उघडायच्या आत (तसं ते उघडायला वेळच लागतो) लेक म्हणाली, "आईला तोंडाचा कॅन्सर झाला होता. आता बरी आहे. चहा घ्या ना." ते स्थळ पुढे सरकलं नाही. कारण तेच होतं की दुसरं, कोण जाणे. लेकीने पुढच्या वर्षी स्वतःचं स्वतः जमवलं, आणि जावयाने पहिल्या भेटीत मला विचारलं की तीन बोटांची ती तपासणी कशी करतात. त्याच्या वडिलांना सुपारी लागते.

त्या फेब्रुवारीनंतर मी बरण्यांच्या मागे लागले. कुणाकुणाकडे दिल्या होत्या त्याची यादी माझ्याकडे होतीच, दिवाळीच्या खर्चाच्या वहीत. एकेकाकडे जायचं, आधी चहा घ्यायचा (मी कोमट पाणी), आणि मग सांगायचं की मला झालं ते याच्याने झालं, उरली असेल तर द्या. बहुतेकांनी मुकाट दिली. काहींनी ओशाळून सांगितलं, संपली, फार छान होती. रामबागेतल्या एका काकांनी हिशेब मांडला, "माझे वडील नव्वद वर्षं सुपारी खाऊन गेले, त्यांना नाही झाला." मी म्हटलं, "त्यांना झाला नाही, मला झाला. तुमचं काय, ते तुमच्या तोंडात बघितल्याशिवाय कसं सांगू?" ते हसले पण तोंड दाखवलं नाही. एका घरी मी गेल्यावर माझा कप वेगळा ठेवलेला दिसला. हा आजार उष्ट्याने लागत नाही. मी तो कप धुऊन त्यांच्या कपांच्या रांगेत ठेवून आले.

जुन्या ऑफिसात जायचं मी टाळत होते. गेले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीच्या ड्रॉवरमध्ये माझी बरणी होती, तिनेच घरी तशी करून भरलेली. आणि तो, ज्याला मी गुटखा सोडायला लावला होता, मला बघून खूश झाला. "मैडम, आपकी सुपारी से ही मेरा गुटखा छूटा." मी त्याला तिथेच, फायलींच्या कपाटाआड, बोटं घालायला लावली. अडीच गेली. त्याला घेऊन त्या डॉक्टर मुलीकडे गेले. फायब्रोसिसची सुरुवात आहे, बाकी काही नाही. दर सहा महिन्यांनी दाखवतो आणि मला फोन करतो.

पाकीटबंद सुपारीवर 'सुपारी चघळणं आरोग्याला अपायकारक आहे' असा इशारा छापावा लागतो, तसा नियम आहे. कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी. पण माझ्या बरणीवर मी जरीची फीत बांधायची आणि चिठ्ठीवर लिहायची, 'शुभ दीपावली'. २०२३ च्या दिवाळीत पुन्हा बरण्या भरल्या. भाजलेली बडीशेप, धनाडाळ, तीळ, ओवा. चिठ्ठीवर लिहिलं, 'यात सुपारी नाही. का नाही, ते विचारायला फोन करा.' सतरा फोन आले.

आपलं शहर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. ओला कचरा, सुका कचरा पोरांनाही पाठ आहे. सवयी बदलत नाहीत असं मला कुणी म्हटलं की मी सकाळच्या कचरागाडीकडे बोट दाखवते.

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा विषय निघाला. २०२५ मध्ये रथसप्तमी आली ४ फेब्रुवारीला, आणि तोच जागतिक कर्करोग दिन. एवढी सोय पंचांग दरवर्षी करत नाही. मी म्हटलं, रथसप्तमीचं हळदीकुंकू माझ्याकडे. वाण म्हणून एक हातातला आरसा आणि एक छोटी बॅटरी. आरसा तर आपल्याकडे वाणात चालतोच. बॅटऱ्या जेल रोडवरून घाऊक आणल्या. ओटीत सुपारीऐवजी हळकुंड घातलं, त्यावर आधी दोघींनी भुवया उंचावल्या.

त्या डॉक्टर मुलीलाही बोलावलं होतं. तिने भाषण केलं नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या गावांत शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी, उजेडात, लोकांची तोंडं तपासत होते, एवढंच सांगितलं. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मशीन नाही, रक्ततपासणी नाही. मग म्हणाली, चला, बॅटऱ्या लावा.

पस्तीस बायका, पैठण्या नेसलेल्या, खिडकीकडे तोंड करून आ वासून उभ्या. आधी हसण्याचा पूर आला. एकीचा कवळी काढायचा प्रश्न निघाला, ती म्हणाली, सगळ्यांसमोर नाही काढणार. मग चार म्हाताऱ्या न्हाणीघरात गेल्या आणि तिथून खिदळण्याचा आवाज आला. पण हळूहळू शांत झालं. दोन्ही गालांच्या आत बोटाने ताणून बघायचं, ओठ उलटे करून, जिभेच्या दोन्ही कडा, जीभ टाळूला लावून खालची बाजू, टाळू. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, उगाच हलणारा दात, मानेत न दुखणारी गाठ. आणि तीन बोटं. मी मध्ये उभी राहून माझा गाल दाखवला, गुलाबी तोंडात फिक्या रंगाचं मनगट शिवलेलं. एका बाईने हात लावू का विचारलं. लाव म्हटलं.

"पण सुपारी देवाला चालते ना गं?" आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलंच.

"चालते. देव चघळत नाही."

त्या दिवशी वहिनी आल्या होत्या. कोपऱ्यात बसल्या होत्या. आरसा-बॅटरी पदराखाली घेतली आणि तोंड न उघडता घरी गेल्या. माझ्या बरण्यांच्या यादीत एकच नाव अजून खोडलेलं नव्हतं, ते त्यांचं. दोन वर्षांत तीनदा मागितली, तीनदा म्हणाल्या, "राहू दे गं, सवय आहे नुसती."

माझी तपासणी आता सहा महिन्यांनी असते. मानेला किरणं दिल्यामुळे थायरॉईड मंदावली, तिची गोळी रोज सकाळी. तोंडात लाळ कमी, पाण्याची बाटली पर्समध्ये कायम. पोहे ताक घालून खाते, जिलबी दुधात बुडवून. सराफ्यात जाते. पताशावाला तोच आहे, आता मला पताशा चुरून वाटीत देतो.

या जूनमध्ये, पहिला पाऊस झाला त्या दिवशी सकाळी सातला वहिनींचा फोन आला. "तुझ्या त्या आरशात मला काही नीट दिसत नाही. येतेस का जरा?" मी गेले. खिडकीशी खुर्ची ओढली. त्यांनी तोंड उघडलं, दोन बोटांपुरतं. उजव्या गालाच्या आत, मागे, नखाएवढा पांढरा चट्टा, कडेने थोडा लाल. "किती दिवस झाले, वहिनी?" त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावरच्या काचेच्या बरणीवर माझी जुनी जरीची फीत अजून होती, भुरकट झालेली.

दहा वाजता आम्ही त्या डॉक्टर मुलीकडे होतो. तिने तपासलं आणि म्हणाली, तुकडा काढून पाठवू, आजच. वहिनींनी माझा हात धरला, डावा, मांडीच्या कातडीचा. सही केली. तोंड बधिर करायच्या आधी पाच मिनिटं होती तेवढ्यात मुलाचा फोन आला, बंगळुरूहून, रोजचाच. मी ऐकत होते. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात आहे रे... नाही, दाढ नाही. तोंडात डाग आहे, कॅन्सर आहे का ते बघायला तुकडा काढताहेत. काकू आहे बरोबर. तू जेवलास का?"